जाईच्या पानावरची बुरशी

आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरामागं जाईचा एक वेल होता, आणि त्याच्या पानांवर काळे डाग पडायचे. माय म्हणायची, ही चुलीची काजळी. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला उघडायची, त्यामुळं तिचं म्हणणं खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. अधूनमधून ती पदर खोचून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायला बसायची आणि थोड्या वेळानं कंटाळून म्हणायची, "काय चिवट काजळी हाय माय ही! तव्याची निघंल पण हिची नाय निघायची." भिंतीपलीकडून पाण्याची जुनी नहर जायची. तिच्या खापराच्या नळ्या कुठंतरी फुटलेल्या होत्या, त्यामुळं ऐन वैशाखातसुद्धा अंगणाचा तो कोपरा ओलाच असायचा. सगळं शहर तापलेलं असताना तिथं शेवाळ असायचं, बेडूक असायचे, आणि संध्याकाळी जाईचा वास सुटला की शेजारच्या बाया भिंतीवरून हात लांबवून कळ्या मागायच्या.

घर भाड्याचं होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं अंगण. एका बाजूला पिंजाऱ्याचं बिऱ्हाड होतं आणि त्याच्या कमानीची तार दिवसभर धुंय-धुंय वाजायची. पाहुण्यांना तो आवाज सोसायचा नाही. आम्हाला मात्र तो थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी माय भाकऱ्या थापायची. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुगून फुस्स आवाज आला की मी ताट घेऊन बसायची. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, त्यात भाकरी कुस्करायची, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार. आजही मला येसर कुणी पाठवलं तर मी डबा उघडून आधी नुसताच वास घेते. सून हसते. हसू दे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते कोर्टात कारकून होते. पण कारकून म्हटलं की जो माणूस डोळ्यांपुढं येतो तसे ते नव्हते. निजामाच्या वेळी ते त्याच कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे निकालांच्या आणि दस्तऐवजांच्या उर्दू नकला करून द्यायचे. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यांचं अक्षर असं होतं म्हणतात की वकील लोक नक्कल हातात आली की मजकुराआधी अक्षर बघत बसायचे. हे मी ऐकलेलं. मी पाहिलं नव्हतं. पोलिस ॲक्शननंतर कारभाराची भाषा बदलली, आणि आबांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मराठी त्यांना बोलता येत होती, ती तर घरचीच. पण देवनागरी लिहिताना ते लहान मुलासारखे अक्षर जुळवत बसायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की हातानं कागद झाकायचे.

उर्दू त्यांनी सोडली ती मात्र नोकरीपायी नाही. देवगाव रंगारीला आमची शेती होती आणि ती आबांचा धाकटा भाऊ, दिगूकाका, बघायचा. ॲक्शनच्या आधीच्या त्या धामधुमीत हत्यारबंद टोळी गावात आली आणि काकाला वेशीजवळ मारून गेली. मी लहान होते. मला आठवते ती बैलगाडी, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं चाललेली, आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघितल्यावर हलणारं आभाळ. आम्ही काही महिने तिकडं काढून परत आलो. आल्यावर आबांनी आपल्या बोरूच्या कलमा एका डब्यात भरून टाकल्या. घरात उर्दूचा शब्द नको, एवढंच बोलले. शेती त्यांनी बटईनं लावली. हिशेबापुरते ते एकटेच देवगावला जायचे आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत यायचे. रात्रीचा मुक्काम त्यांनी तिथं पुन्हा कधी केला नाही, आणि आम्हाला कधी नेलं नाही. दिगूकाकाचं नाव घरात कुणी काढत नसे.

अशा घरातून मी कॉलेजात गेले आणि वनस्पतिशास्त्र घेतलं. आम्हाला ते शिकवायला कादरी सर होते. मूळचे हैदराबादचे, उंच, किंचित वाकलेले, शेरवानीची बटणं नेहमी गळ्यापर्यंत लावलेली. ते वनस्पतिशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकलेले. आता इंग्रजीतून शिकवायचे, मध्येच शब्द अडला की डोळे मिटून उर्दूत आठवायचे आणि मग इंग्रजीत आणायचे. मराठी त्यांची अगदीच मोडकी. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. फळ्यावर आकृती काढताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. पोरं मागं बसून नक्कल करायची, सरांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी कधी कुणाला त्याबद्दल विचारलं नाही.

एकदा वर्गात त्यांनी सांगितलं की पानावर उगवणाऱ्या एक प्रकारच्या काळ्या बुरशीचा ते अभ्यास करतात, ओलसर जंगलात ती सापडते आणि आपल्या कोरड्या मुलखात फारशी नाही. मला घरची काजळी आठवली. दुसऱ्या दिवशी मी जाईची चार पानं वहीत दाबून नेली. सरांनी भिंग लावलं, पान उजेडाकडं धरलं, पुन्हा भिंग लावलं. मग खुर्चीवर बसले.

"ये कहाँ से लाए, बेटा?"

"घरून, सर. आमच्या अंगणात आहे."

"घर में!" ते म्हणाले. "मैं दस साल से जंगलां छान रहा हूँ, और ये तुम्हारे घर में बैठी है!"

त्यांनी एका डागावर डिंकासारखं पातळ औषध सोडलं, ते वाळू दिलं, आणि चिमट्यानं त्याचा पापुद्रा उचलला. बुरशी त्या पापुद्र्याबरोबर अलगद पानावरून निघून आली. तो काचेवर ठेवून त्यांनी मला मायक्रोस्कोपातून बघायला लावलं. फडक्यानं पुसून न निघणारी आमची काजळी तिथं उघडी पडली होती. तपकिरी धागे, वळत-फाटत चाललेले. त्यांच्या दोन्ही अंगांना एका आड एक छोटे गोल ठिपके, मध्येमध्ये ताठ उभे केस, आणि धाग्यांच्या गुंत्यात काळी गोल फळं. सर म्हणाले, ही बुरशी जाईच्या कुळाबाहेर दुसऱ्या झाडावर जगत नाही. बाटलीत वाढव म्हटलं तर वाढत नाही. तिला तिचंच पान लागतं, आणि तेही जितं.

ते डाग वेलावर कसे पसरलेत हे त्यांना स्वतः बघायचं होतं. मी मायला विचारलं. माय म्हणाली, येऊ दे की, मास्तर माणूस. आबा त्या रविवारी देवगावला जाणार होते, हे आम्ही दोघींनीही मनात धरलं होतं, पण एकमेकींना बोललो नाही.

रविवारी सकाळी सर आले. अंगणात उकिडवे बसून त्यांनी वेलाचं खालचं, मधलं, वरचं पान पाहिलं. माय दाराआडून बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "वेल मरंल का हो सर?"

"नहीं माँजी. ये मारती नहीं," सर म्हणाले. मग मराठी जुळवत, "पान मेला, तर ही पण मरते. म्हणून थोडाथोडा खाते."

"मंग शहाणी हाय," माय म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. चहा तिनं कोनाड्यातल्या कपात दिला. तो कप वेगळा होता, बाहेरच्यांसाठीचा. मला मान वर करवेना. सरांनी चहा घेतला, कप स्वतःच नळाखाली धुतला, आणि पालथा घालून कट्ट्यावर ठेवला. असे कप त्यांनी पुष्कळ घरांत पाहिले असावेत.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मोटार चुकली म्हणून आबा परत आले होते. ते मागच्या दारात उभे राहिले. सर उठले, शेरवानी झटकली, आदाब केला.

"मैं नलिनी का उस्ताद हूँ, देशमुख साहब."

"समजलं," आबा मराठीत म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पोरगी कॉलेजात शिकते तेवढं पुरे. घरापर्यंत यायचं काम नाही."

"जी. दुरुस्त है," सर म्हणाले. "माफ़ी चाहता हूँ." त्यांनी आपलं भिंग खिशात टाकलं आणि ते निघून गेले. पिंजाऱ्याची तार तेवढी वाजत राहिली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री मी पाणी द्यायला गेले तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी गणित घे. नाहीतर कॉलेज पुरे झालं."

मी रडले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक आबांचं चुकलं असंही वाटत नव्हतं आणि सरांचं चुकलं असंही वाटत नव्हतं, मग रडायचं कुणावर? कॉलेजात मी सरांसमोर गेले तर त्यांनी आदल्या दिवशी काही घडलंच नाही अशा रीतीनं मला काचा दिल्या. त्या बुरशीवर त्यांना एक लेख लिहायचा होता. ती नवी आहे, आजवर कुणी नोंदलेली नाही, असा त्यांना दाट संशय होता. लेखाला आकृत्या पाहिजेत. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून काढायच्या मी.

माझा हात चित्रकलेचा नव्हताच. कॉलेजात बघून पेन्सिलनं काढायचं आणि घरी येऊन शाईनं गिरवायचं, असं मी करत होते. एका सुट्टीच्या दुपारी पडवीत कागद पसरून बसले होते. आबा झोपाळ्यावर होते. बऱ्याच वेळानं ते उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"हे काय, कोळ्याचं जाळं?"

"बुरशी आहे. आपल्या जाईवरची."

त्यांना कुणासाठी काढतेय हे कळलं असणारच. मी कागद गोळा करायला लागले. पण आबांची नजर रेघेवरून हलत नव्हती.

"रेघ मेलीय तुझी," ते म्हणाले. "कुठं दाबायची, कुठं उचलायची, काही पत्ता नाय. एवढी वळणं हायेत त्या वस्तूला, अन् तू तारेचं कुंपण काढल्यासारखं काढतीस."

आतून माय आली. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. तिनं तो आबांपुढं ठेवला आणि परत गेली. मला वाटत होतं त्या कलमा कधीच्या चुलीत गेल्या असतील. मायनं त्या आपल्या लुगड्यांच्या गाठोड्यात जपल्या होत्या, आणि वाळून चिरू नयेत म्हणून त्यांना वरचेवर तेलाचं बोट लावलं होतं. आबा डब्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक कलम उचलली, टोक नखावर घासून पाहिलं, चाकू मागितला, तिरपा छाट दिला.

त्यांनी माझ्या आकृतीवरून एक धागा काढला. एकच. मी आयुष्यात पुष्कळ आकृत्या पाहिल्या, नावाजलेल्या लोकांच्या पाहिल्या, पण शाई तशी जाड-बारीक होत वळताना पुन्हा पाहिली नाही. दुसरा धागा काढता काढता ते थांबले आणि कलम खाली ठेवली.

"हे खोटं हाय," ते म्हणाले. "नक्कल करायची तर अस्सल समोर पाहिजे. तुझ्या नकलेवरून मी नक्कल केली तर ती कोणत्याच कोर्टात चालायची नाय."

"अस्सल कॉलेजात आहे, आबा," मी म्हणाले.

ते उठून अंगणात गेले. वेलापाशी बराच वेळ उभे होते. दोन-तीन दिवस घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी मायला विचारलं, तर म्हणाली, "तू गप ऱ्हाय. ते येतील त्यांच्या पायानं."

आणि ते आले. रविवारी डोक्याला पागोटं घालून, कोर्टात निघाल्यासारखे, माझ्याबरोबर चालत कॉलेजात आले. मी सरांना आधी सांगून ठेवलं होतं. सर प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. नमस्कारही झाला नाही धड. सरांनी खिडकीजवळचं स्टूल पुढं केलं, मायक्रोस्कोपाचा आरसा उजेडाकडं वळवून दिला, आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. आपण खोलीत असलो तर आबांना नकोसं होईल, म्हणून सर बाहेर गेले, हे मला तेव्हाही कळलं.

आबांनी एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. आधी त्यांना काहीच दिसेना. मी चाक फिरवलं. मग त्यांचा खांदा एकदम ताठ झाला. ते बघत राहिले. बाहेर आवारात कुणीतरी पालापाचोळा झाडत होतं, तो आवाज थांबला तरी ते बघतच होते. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं,

"वाह! क्या ख़त है!"

ख़त म्हणजे हस्ताक्षर. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडचा उर्दू शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचं त्यांनाही उशिरा लक्षात आलं असावं. ते नळीपासून डोळा काढून सरळ बसले आणि दाराकडं बघितलं.

सर वळले नव्हते. पाठमोऱ्यानंच म्हणाले, "मैं तो उसको शिकस्ता कहता हूँ, साहब."

शिकस्ता म्हणजे उर्दूचं घाईतलं, मोडून लिहिलेलं वळण. आबा स्टुलावरून उठायला लागले. पण हा त्यांच्या प्रांतातला मुद्दा होता आणि त्यांना तो सोडवेना.

"शिकस्ता नाही," ते मराठीत म्हणाले. "शिकस्त्यात नुक्ते गाळतात. इथं बघा, एका आड एक, सगळे नुक्ते जागच्या जागी आहेत. हे नस्तालीक आहे." नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके, आणि नस्तालीक म्हणजे सावकाश, घोटून लिहिलेलं वळण.

सर आत आले. दोघं मिळून पुन्हा त्या नळीत बघायला लागले, आळीपाळीनं. एक मराठीत बोलत होता, एक उर्दूत. आबा विचारत होते, हे ठिपके कशासाठी? सर सांगत होते, इथूनच ती पानाच्या आत बारीक मूळ सोडते आणि खाते. आबा म्हणाले, "म्हणजे नुक्ता गाळला तर उपाशी मरायची." सर हसले. मी दाराशी उभी होते, आणि माझं तिथं दोघांनाही काही काम नव्हतं.

त्यानंतरचे कित्येक रविवार आबा तिथं जात होते. आकृत्या तयार होत गेल्या. गणिताचा विषय पुन्हा निघाला नाही. पण मी सांगते तसं हे सोपं नव्हतं. मध्येच एखाद्या रविवारी आबा जायचे नाहीत. सकाळपासून झोपाळ्यावर पडून राहायचे. मायही हाक मारायची नाही. सर सोमवारी मला विचारायचे नाहीत की आबा का आले नाहीत. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा स्टुलावर.

श्रावणात सर म्हणाले, वेरूळला धबधब्याच्या अंगाला रानजाई आहे, तिच्यावर हीच बुरशी आहे का बघायला पाहिजे. मायला घृष्णेश्वराचं दर्शन करायचं होतंच. म्हणून आम्ही सगळेच एस.टी.नं गेलो. मायनं पहाटे उठून धपाटे केले होते, दह्याचं गाडगं फडक्यात बांधून मांडीवर धरलं होतं. दर्शन झाल्यावर आम्ही लेण्यांच्या बाजूनं ओढ्याच्या वर चढलो. सगळीकडं हिरवं, खडकावर पाणी, आणि पायाखाली शेवाळ. सरांचा पाय एकदा सरकला तेव्हा आबांनी त्यांचं मनगट धरलं, आणि चढ संपेपर्यंत सोडलं नाही. रानजाई सापडली. तिची पुष्कळ पानं कोरी होती. शेवटी मायनंच हाक मारली, "हितं हाय बघा तुमची काजळी!" पान सरांच्या हातात देताना तिचा चेहरा असा होता की जणू तिनं स्वतःच ती पेरली होती.

मग आम्ही एका सपाट खडकावर जेवायला बसलो. सरांनी आपला डबा उघडला, त्यात पराठे आणि अंड्याचा खागीना होता. ते जरा बाजूला सरून बसले. माय म्हणाली, "असं लांब कशाला? वारा हाय, जवळ बसा." आणि तिनं त्यांच्या डब्याच्या झाकणात दोन धपाटे आणि दही वाढलं.

जेवताना आबा समोर, खाली दूर पसरलेल्या शेतांकडं बघत होते. एकाएकी म्हणाले, "या अंगाला आमचं गाव आहे. तिथं माझा भाऊ होता. दिगंबर." आणि त्यांनी सगळं सांगितलं. टोळी कोणत्या वेळी आली, काका वेशीजवळ काय करत होता, त्याच्या हातात बैलाचा कासरा होता, तो सोडवताना किती जड गेलं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आबा सरांकडं न बघता शेताकडं बघून बोलत होते. मायनं डोळ्यांना पदर लावला होता.

सरांनी हातातला घास डब्यात ठेवला. "देशमुख साहब," ते म्हणाले, "जिन्होंने किया, उनके नाम मेरे जैसे थे. मैं क्या बोलूँ."

पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं मायनं विचारलं, "सर, तुमचं कोण कोण असतं तिकडं?"

"अम्मी हैं, हैदराबाद में."

"अन् भाऊ-बहिणी?"

"एक भाई थे. बीदर की तरफ़, एक गाँव में. ॲक्शन के बाद..." ते थांबले. "अब वहाँ घर नहीं है हमारा."

आबांनी तेव्हा मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मायनं त्यांच्या झाकणात आणखी एक धपाटा ठेवला. "खावा," ती म्हणाली. "वाऱ्यानं वातड होतात." सर खायला लागले. मग आबाही.

लोक मला विचारतात, पुढं काय झालं, दोघांची दिलजमाई झाली का? असा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही. आबांनी कुणाला माफ केलं असंही कधी म्हटलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की परतीच्या मोटारीत ते दोघं एका बाकावर बसले होते, सरांना डुलकी लागून त्यांचं डोकं आबांच्या खांद्यावर आलं होतं, आणि शहर येईपर्यंत आबा अवघडून तसेच बसून राहिले.

सरांनी नमुने आणि आकृत्या परदेशात एका जाणकाराकडं पाठवल्या. उत्तर यायला फार दिवस लागले. तोवर माझी परीक्षा झाली, मी चांगल्या गुणांनी उतरले, आणि नव्यानंच सुरू झालेल्या विद्यापीठात पुढं शिकायचं ठरलं. त्याला आबांनी हो म्हटलं, तेही जेवता जेवता, मीठ मागावं तितक्या सहज. मग एका संध्याकाळी सर घरी आले. आता ते पुढच्या दारानं यायचे आणि पडवीत बसायचे. त्यांचा चेहरा उतरलेला होता. बुरशी नवी नव्हती. दूर कुठल्याशा बेटावर ती फार पूर्वीच कुणाला तरी सापडली होती, तिला नाव होतं, तिची नोंद होती.

मला इतकं वाईट वाटलं की मी उठून आत गेले. सरांची उमेदीची वर्षं त्यात गेली होती आणि आता निवृत्ती जवळ आली होती. आतून मी ऐकत होते.

"म्हणजे ती होतीच," शेवटी आबा म्हणाले.

"हौ," सर म्हणाले. "थी ही."

"मंग आता?" मायनं उंबऱ्यातून विचारलं.

"आता काय? दुसरी शोधायची," आबा म्हणाले. "गौताळ्याच्या रानात लई झाडी हाय. वाट थोडी वाकडी करावी लागंल, पण देवगावला एक मुक्काम करू. सकाळी तिथून कन्नड."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. सरांनी आबांकडं बघून नुसती मान हलवली.

आम्ही देवगावला उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. पारावर म्हातारी माणसं बसली होती. आबांना घरच्यांसह बघून ती उठून उभी राहिली. आबांच्या मागं शेरवानीतला उंच माणूस बघून मात्र सगळे गप्प झाले. आबा पुढं झाले. सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे कादरी सर. आमच्या नलूचे गुरुजी. आज आपल्या घरी मुक्कामाला हायेत. झाडांवरची बुरशी बघायला निघालेत."

मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं, ज्यानं दिगूकाकाला वेशीतून उचलून आणलं होतं त्यानं, सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बुरशी?" तो म्हणाला. "त्यापायी एवढ्या लांबून आलात व्हय? लई हाय की आमच्याकडं. उद्या माझ्या लिंबावरची बघा." आणि घोंगडी झटकून त्यानं पारावर आपल्या शेजारी पसरली. "बसा. पोरीहो, पाणी आणा कुणीतरी पाव्हण्याला."